महापालिकेवर मृत्यूच्या भरपाईचा दावा : कागद कुठे तयार होतो, कुठे अडतो

खड्ड्यात दुचाकी आदळून, उघड्या चेंबरमध्ये पडून किंवा रस्त्याकडेचं झाड अंगावर कोसळून माणूस जातो आणि काही आठवड्यांनी घरचे महापालिकेच्या दारात उभे राहतात. तिथे कुणी अधिकारी तोंडावर ‘पैसे देणार नाही’ असं म्हणत नाही. ‘आमच्या हातात असतं तर आजच दिले असते हो, तुम्ही कोर्टाची ऑर्डर आणा,’ असं म्हणतो. हे टाळण्यासाठीच बोललेलं असतं, पण त्यात एक खरी गोष्टही आहे. सरकारी तिजोरीतला पैसा स्वतःच्या सहीनं देणाऱ्याला उद्याच्या लेखापरीक्षणाची आणि वसुलीची धास्ती असते. सही करायला त्याला पाठीशी भक्कम कागद हवा असतो. तो कागद घरच्यांनाच उभा करावा लागतो, आणि त्याची सुरुवात वकिलाच्या टेबलावर होत नाही. ती पोलीस ठाण्यात, पहिल्या दिवशी होते. महाराष्ट्रातल्या अशा दाव्यांच्या फायली हाताळताना कुठे काय बिघडतं, ते इथे मांडतो आहोत.

पंचनाम्यातली एक ओळ

माणूस दवाखान्यात दगावला की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात; नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ते कलम 194. पुढे कुणाचा निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली गुन्हा नोंदवला जातो. जुन्या दंडसंहितेतलं 304-अ ते हेच. दुचाकी घसरून एकटाच माणूस गेला असेल तर मात्र घात होतो. ‘मयताने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व भरधाव वेगात चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला’ अशी फिर्याद लिहून मृतालाच आरोपी केलं जातं आणि आरोपी मयत म्हणून प्रकरण ‘अबेटेड समरी’त बंद होतं. दुःखात बुडालेल्या घरात हा कागद कुणी वाचत नाही. वर्षभरानं महापालिकेचा वकील तोच कोर्टात पहिल्या पानावर लावतो.

त्यामुळे घरातल्या ज्याचं डोकं ठिकाणावर असेल त्यानं घटनास्थळाच्या पंचनाम्याच्या वेळी हजर राहावं. पंचनाम्यात ‘रस्ता डांबरी, सरळ व रहदारीचा आहे’ हे ठरलेलं वाक्य असतंच. त्याखाली खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, दिवा चालू होता की बंद, बॅरिकेड किंवा लाल फडकं होतं की नव्हतं, एवढं आलं पाहिजे. पोलिसांनी लिहिलं नाही तर त्याच दिवशी ठाणे अंमलदाराकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर शिक्का घ्यावा. पोलीस तो अर्ज बाजूला ठेवतील, पण पोच तुमच्याकडे राहते. पुढे ‘खड्ड्याची गोष्ट नंतर सुचली’ असा आरोप झाला तर याच पोचेनं त्याला उत्तर मिळतं.

शवविच्छेदन अहवालाची प्रत मागताना व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला आहे का तेही विचारावं. अल्कोहोलचा अंश नसल्याचा अहवाल घरच्यांच्या फार कामाचा असतो. ‘डोक्याला मार’ हे कारण आलं की हेल्मेटचा प्रश्न येणारच. हेल्मेट घातलं होतं तर ते फुटलेल्या अवस्थेत मुद्देमालात जमा झालं पाहिजे. घरी आणून पोटमाळ्यावर ठेवलेल्या हेल्मेटला पुराव्यात किंमत नाही. घातलं नव्हतं म्हणून दावा बुडत नाही. सहभागी निष्काळजीपणाचे काही टक्के रकमेतून वजा होतात, इतकंच.

खड्डा रातोरात बुजतो

हे सगळ्यांना माहीत असूनही फोटो उशिरा काढले जातात. माणूस गेल्याची बातमी विभाग कार्यालयात पोहोचली की महिनोन् महिने पडून असलेला खड्डा एका रात्रीत खडी-डांबरानं भरतो, चेंबरवर नवं झाकण येतं. फोटो त्याच्या आधीचे हवेत. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल, एक मधून, एक अगदी जवळून, खड्ड्यात पोलादी मोजपट्टी उभी धरून. खड्ड्यावर आडवी काठी ठेवली आणि पट्टी तिच्यापर्यंत उभी धरली की खोली निर्विवाद दिसते. नंतर बुजवलेल्या ठिगळाचाही फोटो काढावा. ताज्या काळ्या डांबराचा चौकोन तिथे आधी काय होतं ते सांगतो.

झाडाच्या बाबतीत घाई आणखी मोठी. रस्ता मोकळा करायच्या नावाखाली यांत्रिक करवतीनं तुकडे होतात, ट्रक भरतो आणि संध्याकाळपर्यंत जमिनीलगत बुंधा तेवढा उरतो. त्या बुंध्याचा वरून काढलेला फोटो दाव्यात सोन्याच्या मोलाचा. गाभा पोकळ आहे का, लाकूड काळं पडून भुसभुशीत झालंय का, वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का, सालीवर बुरशीची छत्री उगवली आहे का, मुळांभोवती काँक्रीट थेट खोडापर्यंत ओतलंय का, हे त्यात दिसलं पाहिजे. शक्य झालं तर वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला त्याच दिवशी तिथे न्यावं. पालिकेचा बचाव ठरलेला आहे : वादळी वारा होता, दैवी आपत्ती. निरोगी झाड वाऱ्यानं पडलं की सडलेलं झाड वाऱ्याचं निमित्त होऊन पडलं, याचा निकाल त्या बुंध्यावर लागतो.

सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदाराला विनंती, पोलिसांना लेखी पत्र आणि महापालिकेच्या किंवा शहर पोलिसांच्या कॅमेऱ्यांसाठी ‘चित्रण जतन करा’ असा वेगळा अर्ज, हे तिन्ही एकाच दिवशी करावं. चित्रण पेनड्राइव्हवर मिळालं की देणाऱ्याकडून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र तेव्हाच लिहून घ्यावं. चार वर्षांनी दुकान विकून गेलेल्या माणसाला शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं.

रस्ता कुणाचा?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अर्धे दावे इथेच भरकटतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा अनेक यंत्रणांचे हात आहेत. मुंबईत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पासून महापालिकेकडे आले, त्याआधीच्या घटनेत एमएमआरडीए. शहरातल्या शहरातही चेंबर पावसाळी गटाराचं की मलवाहिनीचं, यावरून दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. रस्ता गॅसवाल्यांनी किंवा केबलवाल्यांनी खोदला असेल तर चर कुणी बुजवायचा होता हा तिसरा वाद. यातून घरच्यांनी न्यायाधीश होऊन मार्ग काढायचा नसतो. ज्यांचा संबंध असू शकतो त्या सगळ्यांना, कंत्राटदारासकट, नोटीस द्यावी आणि दाव्यात प्रतिवादी करावं. कंत्राटदार नेमला म्हणून रस्ता सुरक्षित ठेवण्याची महापालिकेची जबाबदारी संपत नाही. तिनं पैसे भरावेत आणि निविदेतल्या हमीच्या कलमाखाली कंत्राटदाराकडून वसूल करावेत. तो त्यांचा आपसातला व्यवहार.

माहितीचा अधिकार इथे लागतो. अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘खड्डा का बुजवला नाही?’ असं विचारलं तर ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ म्हणून अर्ज निकाली निघतो. प्रश्न विचारू नका, कागद मागा. त्या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधी (ज्या काळात कंत्राटदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची असते तो) कधीपर्यंत, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, घटनेआधीच्या सहा महिन्यांतली त्या विभागाची तक्रार नोंदवही, झाडासाठी वृक्ष प्राधिकरणाकडचे छाटणीचे अर्ज आणि पाहणीचे शेरे. या सगळ्यात वजनदार कागद तक्रार नोंदवहीचा. तुमच्याआधी कुणा शेजाऱ्यानं ॲपवर त्याच खड्ड्याची तक्रार करून क्रमांक घेतला असेल तर ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हा बचाव तिथेच संपतो. म्हणून गल्लीत विचारा, सोसायटीच्या सचिवाला विचारा, स्थानिक नगरसेवकाच्या कार्यालयातली पत्रं चाळा.

सहा महिने, आणि त्यातला एक महिना नोटिशीचा

वेळ हातातून निसटते ती इथे. प्राणघातक अपघात कायदा 1855 चा आहे आणि त्याखालच्या दाव्याला मर्यादा कायद्यानं (दाव्यांच्या मुदती ठरवणारा कायदा) मृत्यूपासून दोन वर्षं दिली आहेत. वकील नवखा असेल तर तो हीच दोन वर्षं सांगतो. पण मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 चं कलम 527 आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमाचं कलम 487 म्हणतं की, अधिनियमाच्या अंमलबजावणीतल्या कृत्याबद्दल किंवा हयगयीबद्दल दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस हवी आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. नगरपरिषदांसाठी 1965 च्या कायद्याचं कलम 304 त्याच धर्तीवर. आपल्या प्रकरणातली हयगय या कलमात बसते की नाही, यावर कोर्टात वाद घालता येतो. नोटिशीचा महिना मुदतीतून वजा मिळावा, असाही युक्तिवाद मर्यादा कायद्याच्या कलम 15 वरून करता येतो. पण युक्तिवादाच्या भरवशावर घर चालत नाही. सहा महिने हीच खरी मुदत धरून चालावं, म्हणजे नोटीस तिसऱ्या महिन्याच्या आत. सार्वजनिक बांधकाम खातं म्हणजे राज्य सरकार. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस दोन महिन्यांची. दोघेही प्रतिवादी असतील तर नोटिशीचा हिशेब दोन महिन्यांनी करायचा.

नोटीस मुख्य कार्यालयात पोहोचली पाहिजे. विभाग कार्यालयाच्या खिडकीवर शिक्का मारून घेतला आणि निश्चिंत झालो, असं करू नये. कलमात मुख्य कार्यालय लिहिलेलं आहे. हस्ते देऊन पोच घ्या आणि वर नोंदणीकृत टपालानंही पाठवा. दावा करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, राहण्याचा पत्ता आणि वकिलाचं नाव त्यात हवं. आणखी एक अट फार थोड्यांच्या लक्षात येते : नोटिशीत जे कारण लिहिलं त्यापलीकडचा पुरावा पुढे मांडता येत नाही. नुसतं ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ लिहून भागत नाही. मजकूर असा काहीसा असावा :

‘दिनांक अमुक रोजी रात्री सुमारे पावणेदहा वाजता मयत हे दुचाकीवरून अमुक चौकाकडून स्थानकाकडे जात असता, विजेच्या खांब क्रमांक अमुकसमोर रस्त्याच्या डाव्या बाजूस असलेल्या सुमारे 4 फूट लांब, अडीच फूट रुंद व 7 इंच खोल खड्ड्यात त्यांचे वाहन आदळून ते खाली पडले. सदर खड्ड्याबाबत तक्रार क्रमांक अमुक आपणाकडे दिनांक अमुक रोजी नोंदविण्यात आली होती. खड्डा बुजविलेला नव्हता, त्याभोवती कठडा अथवा इशाऱ्याचा फलक नव्हता, खांबावरील दिवा बंद होता.’

तपशील हवेत, विशेषणं नकोत. ‘बेजबाबदार’, ‘झोपलेलं प्रशासन’ हे शब्द वर्तमानपत्राला ठीक.

सहा लाखांची वाट

खड्डे आणि उघड्या मॅनहोलपुरती एक नवी, जलद वाट आता आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 2013 पासून चालू असलेल्या स्वतःहून दखल घेतलेल्या जनहित याचिकेत 13 ऑक्टोबर 2025 रोजी आदेश दिला : अशा मृत्यूत वारसांना 6 लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. त्यासाठी समिती. महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि तेच सचिव. घटनेची खबर मिळाल्यापासून सात दिवसांत समितीनं बसायचं, पुढे निदान पंधरा दिवसांतून एकदा. पोलीस ठाण्यानं 48 तासांत समितीला कळवायचं. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे. उशीर झाला तर 9 टक्के व्याज आणि आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची वैयक्तिक जबाबदारी. पैसा आधी यंत्रणेनं भरायचा, मग दोषी अधिकारी आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा.

‘कोर्टाची ऑर्डर आणा’ला हे आयतं उत्तर आहे : ऑर्डर आलेली आहे. तरी अर्ज स्वतः करावा, समितीनं बातमी वाचून दखल घेण्याची वाट पाहू नये. अर्ज आयुक्तांच्या नावे आणि त्याची प्रत जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना, दोन्हींवर आवक क्रमांक. आमचा अनुभव असा की फाईल पालिकेत अडली तरी सचिवांच्या कार्यालयातून एक पत्र गेलं की हलते. ते न्यायिक अधिकारी असतात, आणि समितीचे सदस्य म्हणून त्यांनाही उत्तर द्यायचं असतं. सोबत मृत्यूचा दाखला, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, वारसांचे आधार, शिधापत्रिका, फोटो आणि बँक पासबुकाचं पहिलं पान.

ही रक्कम इतर कायद्यांखालच्या भरपाईव्यतिरिक्त आहे, असं आदेशातच म्हटलं आहे. म्हणून पैसे घेताना समोर येणारी पावती नीट वाचा. ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, यापुढे कोणताही दावा राहिला नाही’ असं छापलेलं असेल तर त्याखाली ‘इतर कायद्यांखालील हक्क अबाधित ठेवून’ असं हातानं लिहा आणि मगच सही करा. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा सानुग्रह अनुदान घेतानाही हीच खबरदारी. झाड पडून किंवा विजेच्या खांबाचा धक्का लागून झालेला मृत्यू या आदेशात येत नाही. तिथे जुना लांबचा रस्ताच आहे.

रक्कम कशी बसते

सहा लाखांना लोक पूर्ण भरपाई समजून बसतात, म्हणून हिशेब एकदा मांडतो. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत जी रीत ठरवली, तीच इतर मृत्यूंतही मार्गदर्शक म्हणून वापरली जाते.

समजा, 38 वर्षांचा स्वतःचा छोटा धंदा असलेला माणूस, महिना 24,000 रुपये कमाई, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वार्षिक 2,88,000. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून भावी वाढीचे 40 टक्के मिळवले की 4,03,200. चार अवलंबित, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 3,02,400. वय 36 ते 40 साठी गुणक (वार्षिक रकमेला वयानुसार ज्यानं गुणायचं तो आकडा) 15, म्हणजे 45,36,000. त्यात सहवासाच्या हानीचे प्रत्येकी 48,400 प्रमाणे चौघांचे 1,93,600, इस्टेटीचं नुकसान आणि अंत्यविधी मिळून 36,300. एकूण 47,65,900 रुपये. सहा लाख आणि हा आकडा यांच्यातलं अंतर पाहिलं की पावतीवरच्या त्या एका ओळीसाठी का थांबायचं ते कळतं.

हिशेबाची खरी कसोटी 24,000 या आकड्यावर होते. रिक्षाचालक, भाजीवाला, वायरमन यांच्याकडे प्राप्तिकराचं विवरण नसतं. तिथे शॉप ॲक्टचा दाखला, यूपीआयच्या जमा नोंदी, कर्जाचे नियमित हप्ते, मुलांच्या शाळेची फी, माल देणाऱ्या व्यापाऱ्याची साक्ष असं जोडत जावं लागतं. काहीच नसेल तर किमान वेतनाचा दर धरतात. मृत व्यक्ती गृहिणी असेल तर ‘कमाई नव्हती’ हे उत्तर चालत नाही. तिच्या कामाचं काल्पनिक उत्पन्न धरावं लागतं, हे कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2021 च्या निकालानं पुन्हा पक्कं केलं आहे.

दावा कुणाचा, हेही इथेच सांगतो. 1855 च्या कायद्यात पती, पत्नी, आईवडील आणि मुलं येतात. आजी-आजोबा, नातवंडं आणि सावत्र मुलंही. भाऊ-बहीण येत नाहीत, ते कितीही अवलंबून असले तरी. एका मृत्यूबद्दल दावा एकदाच लावता येतो, त्यामुळे सून आणि सासू यांनी वेगवेगळे वकील करून दोन दावे लावले की दोघींचं नुकसान. धाकटा दीर ‘मी पळापळ केली’ म्हणून हिस्सा मागतो, हे दर तिसऱ्या घरात होतं. ते घरात मिटवावं, कोर्टात आणू नये.

दुचाकीचा विमा असेल तर मालक-चालकाचं 15 लाखांचं व्यक्तिगत अपघात संरक्षण पॉलिसीत आहे का, हे आधी पाहा. त्यासाठी कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, फक्त चालकाचा परवाना चालू असावा लागतो. खड्डा चुकवताना मागून ट्रकनं उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात ट्रकच्या विमा कंपनीवर अर्ज होतो, तो वेगळा मार्ग आहे.

कोणत्या दारानं जायचं

दिवाणी दावा हा मुख्य दरवाजा. मुंबईत शहर दिवाणी न्यायालय, इतरत्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर असल्यानं आकडा पाहून माणसं कचरतात. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळतं, त्यात कोर्ट फीही येते. वादी पत्नी आणि मुलंच असतात, तेव्हा हा अर्ज न करणं म्हणजे नाहक भुर्दंड.

उच्च न्यायालयात रिट (सरकारी यंत्रणेविरुद्धची थेट याचिका) करता येते, आणि 1993 च्या नीलाबती बेहरा निकालापासून तिथे थेट भरपाईही मिळते. अट एकच, घटना वादातीत हवी. ओडिशातल्या विजेच्या धक्क्याच्या प्रकरणात, 1999 च्या सुकमणी दास निकालात, सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की साक्षीपुरावे तपासावे लागतील असा वाद रिटमध्ये नको. म्हणून उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू, सोबत पालिकेचीच कबुली देणारी चौकशी, अशी प्रकरणं तिथे चालतात. खड्डा की वेग, असा वाद असेल तर फिरून दिवाणी कोर्टात यावं लागतं आणि तोवर सहा महिने उलटलेले असतात. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं.

झाडाच्या दाव्यात दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. राजकोटला 1975 मध्ये कामावर निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं. घरचे खालच्या कोर्टात आणि उच्च न्यायालयात जिंकले, पण सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये महापालिकेला सोडलं. दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्यावर फांदी पडली, तिथे 1999 मध्ये महापालिका जबाबदार ठरली, कारण झाड वाळलेलं, साल गळालेलं होतं आणि ते पाहिलं की धोका कळत होता. फरक पडला तो झाडाच्या अवस्थेच्या पुराव्यानं. इमारत किंवा मनोऱ्याचं तसं नाही. दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला त्या 1966 च्या निकालात कोर्टानं म्हटलं की मनोऱ्याची देखभाल पालिकेच्याच हाती होती. तो पडला यातच हयगय दिसते, नाही हे पालिकेनं दाखवावं. विजेच्या धक्क्यात तर 2002 च्या शैलकुमारी निकालानं वीज पुरवणाऱ्यावर कडक जबाबदारी, म्हणजे चूक सिद्ध न करताही येणारी, टाकली आहे. तिथे विद्युत निरीक्षकाचा अहवाल मिळवणं हे पहिलं काम.

तडजोडीसाठी आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटणारं दार मात्र लोक अदालतीचं. वीज, पाणी, सार्वजनिक स्वच्छता, दवाखाना अशा सेवांसाठी कायमस्वरूपी लोक अदालत असते. मॅनहोल आणि गटार स्वच्छतेत बसतं, रस्त्याचा खड्डा सहसा बसत नाही. इथे समेट झाला नाही तरी ती गुणवत्तेवर निर्णय देऊ शकते. नेहमीच्या राष्ट्रीय लोक अदालतीत चालू दावाही ठेवता येतो आणि समेट झाला की भरलेली कोर्ट फी परत मिळते. निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या बरोबरीचा, त्यावर अपील नाही. अपील नाही हीच गोष्ट पालिकेच्या कायदा विभागाला हवी असते : ‘अपील का केलं नाही?’ असा लेखापरीक्षणाचा प्रश्नच उरत नाही.

समेटाच्या टेबलावर

पालिकेच्या वकिलानं तोंडी ‘पंचवीस लाखांना तयार आहोत’ म्हटलं तरी ते पैसे नाहीत. फाईल विभाग कार्यालयाकडून कायदा विभाग, लेखा विभाग, अतिरिक्त आयुक्त, आयुक्त आणि मग स्थायी समितीकडे जाते. प्रशासक असेल तर त्याच्याकडे. लेखा विभागात ‘तरतूद नाही’ असा शेरा पडला की पुढचं अंदाजपत्रक. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तडजोड होत असेल तर मंजुरीच्या ठरावाची प्रत हातात आल्याशिवाय समेटपत्रावर सही करू नये, आणि लोक अदालतीची तारीख ठरावानंतरची घ्यावी.

समेटपत्रात पैसे जमा करण्याची तारीख आणि ती चुकली तर व्याजाचा दर लिहिलेला असावा. रक्कम कुणाच्या नावे किती, हे वेगवेगळं हवं. सगळी रक्कम थोरल्या मुलाच्या खात्यात, असं करू नये. कंत्राटदाराविरुद्धचे, विम्याचे आणि सहा लाखांच्या समितीसमोरचे हक्क राखून ठेवल्याचं वाक्य हवं; सहा लाख वजा होणार असतील तर तेही उघड लिहिलेलं असावं. एक कलम मात्र साफ नाकारावं : ‘फिर्यादी फौजदारी तक्रार मागे घेतील.’ कलम 106 चा गुन्हा आपसात मिटवण्यासारखा नाही, तो खटला सरकारचा असतो. जे घरच्यांच्या हातातच नाही त्याचं वचन दिलं की उद्या ‘अट मोडली’ म्हणून पैसे रोखायला निमित्त मिळतं.

मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांच्या वतीनं आईनं केलेली तडजोड कोर्टाच्या परवानगीशिवाय पक्की होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 32, नियम 7. परवानगीच्या अर्जात तडजोड मुलांच्या हिताची का, हे आकड्यांनिशी लिहावं लागतं, आणि वरचा हिशेब इथे पुन्हा कामाला येतो. मुलांचा हिस्सा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. व्याज दरमहा आईच्या खात्यात यावं, अशी मागणी त्याच अर्जात करावी. नाहीतर शाळेची फी भरायला दरवेळी कोर्टात नवा अर्ज करावा लागतो. ठेवीची बँक कोर्टाच्या गावात नको, मुलं राहतात त्या गावातली शाखा मागून घ्यावी. ठेव पावतीवर ‘कोर्टाच्या परवानगीशिवाय मुदतपूर्व रक्कम देऊ नये’ असा शेरा असतो. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल बँकेत देताना शाखा व्यवस्थापकाकडून पोच घ्यावी आणि नूतनीकरणाची सूचना लेखी द्यावी, कारण मुदत संपल्यावर कुणाच्या लक्षात न आलेल्या ठेवी बचत खात्याच्या व्याजावर पडून राहतात.